तिकिटाच्या रकान्याबाहेरची लाँच

साताऱ्याच्या ऑफिसच्या गेटावर नानासो शिंगाडेला एक खुर्ची मिळाली होती. निळी, प्लास्टिकची. समोर टेबल, टेबलावर वही. गाडी आली की नंबर लिहायचा, वेळ लिहायची आणि फाटक उघडायचं, एवढंच काम. पण दहा मिनिटं झाली की त्याचे पाय आपोआप हलायला लागायचे. मग तो उठायचा, फाटकापासून बदामाच्या झाडापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, याला साखरेचा आजार असावा, म्हणून सारखा बाहेर जातो. एका क्लार्कनं तर आपल्या डॉक्टरचा नंबरही लिहून दिला.

त्याला आजार कसलाच नव्हता. सत्तावीस वर्षं त्याच्या पायाखालची फळी हलत होती. ती अचानक थांबली होती, इतकंच.

कोयनेच्या जलाशयावर सरकारी लाँच चालायची, तिचा नानासो तांडेल, म्हणजे चालक. कागदावर तिचं नाव 'लाँच क्रमांक तीन', आणि लोकही तिला 'तीन नंबर'च म्हणायचे. अल्याड तांबडवाडीचा धक्का, पल्याड उंबरकोंड, शिंदोळे, रेवाडी आणि डोंगराच्या कुशीतले गवळी धनगरांचे पाच वाडे. धरणाचं पाणी अडलं तेव्हा त्या लोकांचा जुना रस्ता पाण्याखाली गेला. नवा रस्ता झाला खरा, पण तो डोंगर वळसा घालून बासष्ट किलोमीटरचा, आणि पावसाळ्यात दरड आली की बंद. लाँचनं मात्र पाऊण तास.

नानासो मुळात या पाण्याचा नव्हताच. तो वडूजच्या बाजूचा, धनगराच्या घरातला. त्या मुलखात ओढा वाहिला तरी लोक बघायला जायचे. दिवाळी झाली की त्याच्या घरची मेंढरं पश्चिमेला निघायची, घाट उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. तो विशी-बाविशीचा असताना एका वर्षी परतीच्या वाटेवर पूल खचला होता. तेव्हा लाँचच्या जुन्या तांडेलानं दोनशे मेंढरं चार फेऱ्यांत पाण्यापलीकडं नेली. चारी फेऱ्यांना नानासो इंजिनापाशी उभा राहिला. शेवटच्या फेरीला मेंढरं उतरली, हा उतरलाच नाही.

"मेंढरामागं चालायचं सोडून पान्यावर बसून ऱ्हानार व्हय तू?" त्याची आई धोंडुबाई धक्क्यावरून ओरडली होती.

"बसून कुटं, आये? ही बी चालतीच की!"

आधी दोर टाकणारा खलाशी, मग मदतनीस, मग परीक्षा देऊन तांडेल. तांबडवाडीतच घर केलं. बायको रंगूबाई तिथलीच मिळाली. मुलगी प्रांजल शिकली आणि गावच्याच आरोग्य उपकेंद्रात आरोग्यसेविका झाली. दर बुधवारी लसींची थंड पेटी घेऊन ती बापाच्याच लाँचनं पल्याड जायची.

दिवाळी झाली आणि पत्र आलं. फेऱ्या तोट्यात, तिकिटाचं उत्पन्न डिझेललाही पुरत नाही, सबब सेवा बंद. लाँचचा लिलाव करावा. तांडेलाची बदली सातारा मुख्यालयात, फाटकावर.

पत्र वाचून नानासोनं एकच शब्द विचारला, "कवापास्नं?"

"एक तारखेपास्नं," पत्र घेऊन आलेला माणूस म्हणाला. त्यालाही नानासोकडं बघवेना.

साताऱ्यात त्यानं राजवाड्याच्या मागं एक खोली घेतली. प्रांजलचा रोज फोन यायचा आणि फोनमागं त्याची येरझार वाढायची.

"आप्पा, ह्या बुधवारी बी पेटी पल्याड गेली न्हाई. जीप मिळत न्हाई. मिळाली तर बासष्ट किलोमीटरात बर्फ विरघळतोय."

दुसऱ्या दिवशी, "उंबरकोंडच्या गुरुजींनी बदलीचा अर्ज दिलाय."

आणखी आठ दिवसांनी, "वाड्यावरनं खवा यायचा बंद झालाय. जीपवाला म्हनतो, चार किलो खव्यासाठी मी एवढा फिरू का? गॅसच्या टाक्या डोक्यावरनं नेत्यात लोकं."

"मग मी काय करू, पोरी? हितं बसून मी काय करू?" नानासो एकदा ओरडलाच. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "तसं न्हाई. सांगत जा. रोज सांगत जा."

लाँच पुन्हा सुरू करा म्हणून त्यानं ऑफिसच्या साहेबांकडं तीन वेळा चिठ्ठी पाठवली. पहिल्या दोन चिठ्ठ्यांचं काय झालं कळलं नाही. तिसऱ्या वेळी साहेबांनी आत बोलावून शांतपणे सांगितलं, "शिंगाडे, आकडे बोलतात. दिवसाला वीस-बावीस तिकिटं. त्यावर लाँच कशी चालवायची?" नानासोला उत्तर द्यायचं होतं, पण ते त्याच्या जिभेवर येईना. तो बाहेर आला आणि त्या दिवशी झाडापर्यंतच्या फेऱ्या त्यानं मोजल्यासुद्धा नाहीत.

जानेवारीच्या अखेरीला लिलावाची तयारी सुरू झाली. लिलावाआधी लाँचची किंमत ठरवायची होती. चालू असेल तर एक भाव, बंद असेल तर भंगाराचा. किंमत ठरवायला नव्यानं लागलेल्या अभियंता अरिबा मुलाणी जाणार होत्या. वय तीसच्या आत, मूळच्या मिरजेच्या. पण तीन महिने उभी असलेली लाँच सुरू कोण करणार? ऑफिसात तसा माणूस एकच होता आणि तो फाटकावर बसला होता.

सकाळी सातला जीप निघाली. वाटेत नानासो म्हणाला, "मॅडम, उंब्रजवरनं एका मिस्त्रीला घेऊया? हाय जरा वाट वाकडी, पन ह्या इंजिनाला त्याच्याबिगर कुनाचा हात लागलेला न्हाई."

पीरमहंमद शिकलगार हायवेच्या कडेला आपल्या टपरीवजा गॅरेजसमोर हत्यारांची पिशवी घेऊन आधीच उभा होता. नानासोनं आदल्या दिवशीच फोन केला होता, हे मॅडमच्या लक्षात आलं. मिस्त्री पासष्टीचा, दाढी पांढरी, बोटं कायमची काळी पडलेली. मागच्या सीटवर चढत तो नानासोच्या कानाशी म्हणाला, "बारीक झालास गड्या. जेवत न्हाईस का?"

"गिळतोय. पचत न्हाई."

धक्क्यावर पोचल्यावर नानासो जवळजवळ पळतच खाली गेला. लाँच चिखलात थोडी कलली होती. रंग उडालेला, छतावर वाळका पाला. तिथं एक माणूस आधीपासून टेप घेऊन तिची लांबी मोजत होता. पांढरा शर्ट, सोन्याची अंगठी. त्यानं ओळख करून दिली, "लालासाहेब. सांगलीहून आलोय. हायवेला हॉटेल टाकायचंय. ही लाँच तशीच उचलून कडेला ठेवायची. आत टेबलं, वर लाइटिंग. लोक लाँचमदी बसून मिसळ खातील. नवीन आयडिया हाय."

नानासोच्या मानेची शीर उडायला लागली. पीरमहंमदनं त्याचा दंड धरला. "चल, इंजिन बघू. त्याचं त्यो बगंल."

दीड तास दोघं पोटावर पडून होते. फिल्टर काढले, नळ्या धुतल्या, बॅटरी जीपची जोडली. चौथ्या खटक्याला इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि सुरू झालं. अरिबा मॅडमनी कागदावर 'चालू' अशी खूण केली आणि पेन मिटलं.

"झालं ना?"

"न्हाई मॅडम," नानासो म्हणाला. "धक्क्याला बांधून इंजिन काय सांगनार? पान्यात घातल्याबिगर खरी गोष्ट कळत न्हाई. पान्याखालचा पंखा फिरतो का, सुकाणू ऐकतं का... तुमी सही करनार, उद्या काय निगालं तर तुमालाच इचारतील."

त्यांनी पीरमहंमदकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बराबर बोलतोय तो."

"बरं. पण फार लांब नको."

लालासाहेबही उत्सुकतेनं चढला. दोर सुटला. लाँच धक्क्यापासून बाजूला झाली, वळली, आणि नानासोच्या पायाखालची फळी पुन्हा थरथरली. तो सुकाणू धरून समोर बघत राहिला. त्या पाण्यात पाहण्यासारखं वर काही नव्हतं, सगळं खाली होतं. बुडालेल्या गावांची झाडं साठ वर्षांनीही खोडानिशी उभी होती. कुठं किती पाण्याखाली कुठलं खोड आहे, देवळाचा चौथरा कुठं, विहिरीचा काठ कुठं, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि कुठल्याही कागदावर नव्हतं.

"किती लांब जायचं?" मॅडमनी विचारलं तेव्हा लाँच पाण्याच्या मध्यावर आली होती.

"वळायला जागा पायजे मॅडम. पल्याडच्या खाडीत वळू."

हे खोटं होतं. वळायला सगळं पाणी मोकळं होतं. पीरमहंमदनं मान खाली घालून हसू लपवलं.

उंबरकोंडच्या काठावर कुणीच नव्हतं. मग एक बाई दिसली, उतारावरून धावत येणारी. मग तिच्यामागं दोघं. तीन महिन्यांनी ते इंजिन वाजत होतं आणि डोंगरात आवाज लांब जातो. वाड्यावाड्यांतून माणसं खाली यायला लागली. कुणाच्या डोक्यावर नाचणीचं पोतं, कुणाच्या हातात दुधाचे कॅन, कुणी मधाचे डबे घेतलेले, कुणी रिकाम्या गॅसच्या टाक्या खांद्यावर घेतलेल्या. एक जण रेडकू ओढत आणत होता. पहिली पोचली ती बनुबाई, शिंदोळ्याच्या वाड्यावरची. तिच्या डोक्यावर फडक्यात बांधलेला खवा होता.

"नानासो! चालू झाली व्हय रं? आदी सांगाया काय झालं हुतं? समद्यांनी तयारी केली असती!"

अरिबा मॅडमच पुढं झाल्या. "मावशी, लाँच सुरू झालेली नाही. आम्ही फक्त तपासणीला..."

बनुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, खव्याकडं पाहिलं आणि खाली वाळूतच बसली. मागून येणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. ते येतच होते. शेवटी चौघं जण एक खाट खांद्यावर घेऊन उतरले. खाटेवर जोतिबा, रेवाडीचा, पोळं काढताना झाडावरून पडलेला. पाय मांडीपासून काळानिळा, सुजून दुप्पट झालेला.

"कवा पडला?" पीरमहंमदनं विचारलं.

"परवा सकाळच्याला. जीपला निरोप दिलाय. आज येतो म्हनला हुता."

सगळे मॅडमकडं बघायला लागले. त्या काठावर उभ्या होत्या, बुटात पाणी शिरलेलं. नोकरीला लागून त्यांना एक वर्षही झालं नव्हतं. नानासो खाली उतरला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, तुमी म्हनला तर रिकामी नेतो. पन मग लाँच चालवायला दुसरा मानूस बगा. मी हितंच ऱ्हानार."

"खाट आधी चढवा," त्या म्हणाल्या. मग एक दम घेऊन, "आणि बाकीचंही."

लाँच भरली. पोती पुढं, कॅन मागं, खाट मधोमध, रेडकू सुकाणूपाशी. लालासाहेबाच्या पांढऱ्या शर्टाला रेडकानं तोंड पुसलं. तो खाटेपाशी बसला होता. जोतिबाच्या डोक्यावर त्यानं स्वतःचा रुमाल ओला करून ठेवला होता.

अर्ध्या वाटेवर वारा फिरला आणि इंजिनाचा आवाज बदलला. नानासोला तो आधी कळला, पीरमहंमदला लगेच मागून.

"तापतंय," म्हातारा ओरडला. "पान्याची नळी चोंदली. बंद कर!"

"बंद केली तर वारा खोडांकडं नेईल."

"न्हाई केली तर इंजिन जाईल. बंद कर म्हनतो!"

इंजिन बंद झालं. एकदम सगळं गप्प. लाँच आडवी होऊन हळूहळू दक्षिणेला सरकायला लागली, जिथं जुन्या आमराईची खोडं होती. नानासोनं लांब बांबू घेतला आणि कडेला उभा राहिला. पीरमहंमदनं नळी सोडवली, तोंडाला लावली, फुंकली. काही नाही. पुन्हा फुंकली. त्याच्या कानशिलांच्या शिरा ताठ झाल्या. रेडकू हंबरत होतं. नानासोचा बांबू पाण्याखाली कशावर तरी टेकला. त्यानं अख्खं अंग रेटून लाँच बाजूला ढकलली. बनुबाई उठली आणि तिनंही बांबूला हात लावला. मग लालासाहेबानं.

"निगालं!" पीरमहंमद ओरडला. हिरव्या शेवाळाचा गोळा त्यानं पाण्यात भिरकावला. इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा खोडं दोन हातांवर होती.

तांबडवाडीच्या धक्क्यावर प्रांजल हजर होती. लाँचचा आवाज ऐकून उपकेंद्रातून पळत आलेली. जोतिबाला बघून तिनं लगेच रुग्णवाहिकेला फोन लावला. माल उतरत होता आणि अरिबा मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. पोती किती, कॅन किती, टाक्या किती, माणसं किती. मग त्यांनी लाँचच्या पेटीतलं जुनं रजिस्टर मागितलं आणि धक्क्याच्या दगडावर बसून चाळायला लागल्या.

"शिंगाडे, यात फक्त तिकिटं आहेत. माल कुठं लिहिलाय?"

"माल कुटं लिवनार? रकाना तेवढाच हाय."

"रेशनचं धान्य?"

"फुकट. सरकारीच की."

"लसींची पेटी? शाळेची पुस्तकं? मतदानाची यंत्रं?"

"समदं फुकट. वाड्यावरची लोकं खवा, मध घेऊन यायची त्यांचं मानसाचं तिकीट, मालाचं न्हाई. आजाऱ्याचं तर मी कवाच फाडलं न्हाई." तो थांबला, मग जरा चिडूनच म्हणाला, "साहेब म्हनले आकडे बोलत्यात. पन जे लिवलंच न्हाई ते कसं बोलनार?"

त्या दिवशी साहेबांसमोर जे जिभेवर आलं नव्हतं, ते आता आपोआप बाहेर पडलं होतं.

मॅडमनी किमतीचा कागद भरला नाही. त्याऐवजी आठ दिवस त्या तांबडवाडीत राहिल्या. लालासाहेबानं बोली लावली नाही. जाताना तो पीरमहंमदला म्हणाला, "मला एखादी जुनी एसटी बगून दे. तिच्यात बी मिसळ खपंल."

अहवाल तेवीस पानांचा झाला. जीपनं त्याच मालाला किती डिझेल लागतं, बासष्ट किलोमीटरचा रस्ता दर वर्षी दुरुस्त करायला काय लागतं, तीन महिन्यांत किती मुलांची लस चुकली, खवा बंद झाल्यानं पाच वाड्यांचं काय झालं, सगळं त्यात होतं. पल्याडच्या लोकांनी अंगठे आणि सह्या घातलेला अर्ज जोडला. नानासोला मात्र कारणे दाखवा नोटीस आली. मूल्यांकनाच्या वेळी अनधिकृत प्रवासी वाहतूक. परवानगी मी दिली, असं मॅडमनी लेखी दिलं. तरी त्याला ताकीद मिळालीच आणि मॅडमनाही तोंडी बरंच ऐकावं लागलं. नानासो पुन्हा निळ्या खुर्चीपाशी आला. आता तर तो बसतच नव्हता. उभ्यानंच नंबर लिहायचा.

एप्रिलच्या शेवटी आदेश निघाला. लाँच सोमवार, बुधवार, शनिवार चालेल. रजिस्टरला मालाचा रकाना. चालवायला ठेकेदाराचा माणूस. नानासोचं नाव कुठंच नव्हतं.

ठेकेदाराचा माणूस कोकणातला होता, समुद्रावर वाढलेला, हुशार. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी रोज उतरतं आणि खोडं रोज वर येतात, हे त्याला कोण सांगणार? दुसऱ्याच फेरीला पंखा खोडात अडकला. माणसं वाचली, पंख्याचं एक पातं गेलं. मग साताऱ्याच्या ऑफिसात फोन आला, "शिंगाडेंना महिनाभर पाठवा, रस्ता दाखवायला."

नानासो त्याच दिवशी निघाला. महिना संपायच्या आत त्यानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला आणि ठेकेदाराकडंच रोजंदारीवर राहिला. रंगूबाई चिडली. "नऊ-धा वर्सं ऱ्हायली हुती. बसून पगार मिळत हुता."

"त्या बसन्याचाच तर तरास हुता मला."

कोकणातला माणूस आणि तो, दोघंही लाँचवर असतात. नानासो त्याला बुडालेल्या गावांची नावं पाठ करून घेतो. जोतिबाचा पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. तो आता पोळ्यांवर चढत नाही, वाड्यांवरचा मध गोळा करून शनिवारी तांबडवाडीला आणतो. खवा पुन्हा सुरू झालाय, पण पूर्वीइतका नाही. दोन वाड्यांनी त्या तीन महिन्यांत म्हशी विकून टाकल्या. उंबरकोंडचे गुरुजी गेले ते गेलेच. नवे अजून आले नाहीत.

तीन दिवस लाँच चालते. उरलेले चार दिवस नानासोला कसे काढायचे कळत नाही. त्या दिवसांत तो काठाकाठानं फिरतो, उतरत्या पाण्यात दिसायला लागलेल्या प्रत्येक खोडाला लाल चिंधी बांधतो. गेल्या मंगळवारी पल्याडच्या काठावर कुणीतरी पांढरं धोतर हलवत होतं, बराच वेळ. धक्क्यावर लाँच बांधलेली, टाकीला कुलूप, चावी ठेकेदाराकडं. नानासोनं हात वर केला. तो त्यांना दिसला की नाही देव जाणे. दुपारपर्यंत धोतर हलायचं थांबलं.

बुधवारी पहिल्या फेरीला कळलं, धोतर हलत होतं ते एका बाईसाठी; तिचे दिवस भरले होते, पण तिला जीपनं नेलं, बाळबाळंतीण ठीक आहेत. सगळ्यांनी हुश्श केलं. नानासोनं केलं नाही. संध्याकाळी लाँच बांधल्यावर तो तडक उपकेंद्रात गेला आणि प्रांजलच्या टेबलावर कोरा कागद ठेवला.

"लिव. मंगळवारी बी फेरी पायजे म्हनून. अरिबा मॅडमच्या नावानं."

"आप्पा, त्यांची बदली झालीय. सांगलीला गेल्या."

"मग त्यांच्या जागी जो आला आसंल त्याच्या नावानं लिव." तो बसला नाही. दारात उभा राहून पाण्याकडं बघत मजकूर सांगत राहिला.